सतरा नंबरचा टॉवेल

वैजयंतीला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मूळ दुखणं हे, बाकीचं सगळं त्यातून झालं. नवरा उदयसिंह जाऊन नऊ वर्षं झाली होती. गावाकडं तिला ‘ऋतुजाची आई’ म्हणत, शेजारी काकू म्हणत, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ज्या कारखान्यात ती टॉवेल तपासायला बसायची, तिथं ती सतरा नंबर होती. तपासलेल्या प्रत्येक टॉवेलच्या कोपऱ्यात कारखान्याचं लेबल आणि लेबलाच्या पाठीवर तपासणाऱ्याचा नंबर. कुठं धागा सुटलेला सापडला की मालक ओरडायचे, “सतरा कोण आहे?” आणि शेहेचाळीस वर्षांची ही बाई शाळकरी पोरीगत उठून उभी राहायची.

तर अशा बाईनं मोबाइलवरून, पैसे देऊन, एका पुरुषाची सोबत ठरवली. घ्या! ज्यांना तोंडावर पदर घ्यायचाय त्यांनी आत्ताच घ्या, म्हणजे पुढचं सांगता येईल.

साइटवर त्याचं नाव विहान होतं. वय चौतीस, चेहऱ्याच्या जागी नुसता मनगटाचा फोटो. पंधरा दिवस ती तेवढंच मनगट बघत बसली आणि शेवटी पहिला निरोप काय लिहावा? “जेवलात का?” तो म्हणाला, “व्हय, जेवलो. आदी नियम सांगतो.” चेहऱ्याचा फोटो पाठवू नका. घर कुठं, काम कुठं, सांगू नका. यासाठी वेगळा नंबर घ्या. ‘नको’ कधीही म्हणता येईल, तुम्हाला आणि मलाही. झालं की दोघांनी सगळं पुसून टाकायचं. आणि पुढं कधी रस्त्यात दिसलो, तर ओळख न्हाय. वैजयंतीला बरं वाटलं. सोयरिकीच्या बैठकीत बसलेली जाणती माणसंसुद्धा इतकं सरळ बोलत नाहीत हो!

हैदराबाद रोडच्या एका लॉजवर दुपारी बाराला भेटायचं ठरलं. रजा टाकताना तिनं दाताचं कारण सांगितलं. लॉजवर आधार कार्ड मागतात, म्हणून नंबर झाकलेली प्रत काढायला त्यानंच शिकवलं होतं. काउंटरवर तिनं ती पुढं केली तेव्हा तो पाठ करून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिला. ती प्रत पर्समध्ये जाईपर्यंत वळला नाही. तिचं नाव त्याला वाचायचं नव्हतं.

खोलीत काय झालं ते मी सांगणार नाही. ते त्या दोघांचं. एवढंच सांगतो की तिनं आधी त्याला ‘सुजाता’ असं खोटं नाव सांगितलं होतं, आणि तासाभरानं तीच म्हणाली, “माझं नाव वैजयंती आहे. एकदा म्हणाल?”

तो म्हणाला, “वैजयंती.” मग कुणी न सांगता पुन्हा एकदा म्हणाला. ती भिंतीकडं तोंड करून हमसून हमसून रडली. त्यानं पाण्याचा ग्लास उशाशी ठेवला.

निघायच्या सुमाराला त्याला घरून फोन आला. “आगं सहाला पोचतो की मोडनिंबला. पोरीचा ताप बघ, तवर पट्टी ठेव,” असं बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. तोंडावरचा रंगच उडाला. वैजयंती चटकन म्हणाली, “मी काही ऐकलं नाही.”

इथपर्यंत सगळं कसं बेतशीर झालं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही. लॉजच्या टॉवेलला तोंड पुसायचं म्हणजे सोलापूरच्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं, म्हणून तिनं पिशवीत आपले दोन टॉवेल घेतले होते. एक वापरला. दुसरा कोरा, निळा, पांढऱ्या काठाचा. विहान दारात चपला घालायला लागला आणि तिच्या आईनं, आजीनं लावलेली सवय तिच्या हातांनीच पुरी केली. पावणा रिकाम्या हातानं उंबरा ओलांडत नाही! तिनं तो निळा टॉवेल काढून त्याच्या हातावर ठेवला. तो ‘नको नको’ म्हणाला, तिनं ‘असू द्या, लेकराला होईल’ म्हणून मुठीत कोंबला.

रिक्षात बसल्यावर तिला आठवलं. लेबल! कोपऱ्यात कारखान्याचं नाव, गाव सोलापूर, आणि पाठीवर सतरा. चेहरा झाकला, नंबर झाकला, आधार झाकलं, आणि आपला पत्ता आपल्याच हातानं त्याला आहेर करून आली होती ती.

विचारायची सोय नव्हती. नियमाप्रमाणं तिनं सगळं पुसून टाकलेलं, सिमकार्डसुद्धा मोडून टाकलेलं.

मग ते तीन महिने. अनोळखी नंबर आला की ती फोन उशीखाली कोंबायची. गेटवर कुणी नवा माणूस दिसला की ती मशीनच्या आड. मंगळवार बाजारात एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर निळा टॉवेल दिसला, तर ती भाजी तिथंच टाकून घरी आली. चोराच्या मनात चांदणं! आणि काम तर तेच. दिवसाला तीनशे टॉवेल हाताखालून जायचे आणि प्रत्येकावर ती सतराचा शिक्का मारायची. जेवताना, आंघोळ करताना तिला वाटायचं, आत्ता या घटकेला तो लेबल उलटं करून वाचतोय. शेजारच्या टेबलावरची सुंदरम्मा म्हणाली, “क्या हुआ गे तेरेकू? भूत देख्या सरका बैठी.” भूतच होतं की. फरक इतकाच, की या भुताला तिनं स्वतः टॉवेल देऊन वाटेला लावलं होतं.

त्यातच ऋतुजानं घरात सांगितलं की चिंचोळी एमआयडीसीत तिच्याबरोबर काम करणाऱ्या दिग्विजयशी तिला लग्न करायचंय. पोरगा निर्व्यसनी, घर चांगलं. वैजयंतीनं विचारलं, गाव कुठलं?

“मोडनिंब.”

वैजयंती नको म्हणाली. त्यांचं घर लांब आहे म्हणाली, पत्रिका बघू म्हणाली, मग नुसतंच नको म्हणाली. ऋतुजा आठ दिवस रडली आणि नवव्या दिवशी ताट सारून म्हणाली, “आई, मोडनिंबनं तुझं काय वाकडं केलंय ते तरी सांग.” बाप नसलेल्या पोरीचं ठरत आलेलं लग्न आपल्या चार तासांपायी मोडतंय, हे वैजयंतीला त्या भुताहून जड झालं. ती ‘हो’ म्हणाली. एवढ्या मोठ्या गावात नेमका तोच कशाला दिसेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

सुपारी फोडायचा कार्यक्रम मुलाच्या दारात ठरला. मुलीकडच्यांनी तिकडच्या पुरुषांना टॉवेल-टोपी द्यायची, ही रीत. टॉवेल अर्थातच कारखान्यातून आणले, पंचवीस. आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती कात्री घेऊन एकेकाचं लेबल कापत बसली. सुंदरम्मा ओरडली, “लेबल काट्या तो पुराना दिखता ना!”

“मानेला टोचतं,” वैजयंती म्हणाली.

मोडनिंबात मांडव भरला होता. टिळा लावायला वैजयंतीचा भाऊ उठला तशी ऋतुजा भर मांडवात म्हणाली, “टिळा आई लावणार.” विधवा बाई कशी लावणार म्हणून दोन म्हाताऱ्या कुजबुजल्या, पण दिग्विजयची आई वच्छला खमकी. “लावू द्या की! पोरीला वाढवली कुणी, तुमी का?” म्हणाली. झालं. वैजयंती कुंकवाची वाटी घेऊन ओळीतून निघाली. टिळा, टोपी, टॉवेल. पुढचा. टिळा, टोपी, टॉवेल.

नववा तो होता.

वच्छला मागून सांगत होती, “हा युवराज, आमचा थोरला पुतण्या. गाडी चालवतोय सोलापूर-पुणे. आन् ती त्याची बायको.” बायको खांबाला टेकून उभी होती. तिच्या कडेवर तीन वर्षांची पोरगी, आणि पोरीच्या खांद्यावर निळा टॉवेल, पांढऱ्या काठाचा. वैजयंतीची नजर कोपऱ्यावर गेली. लेबल नव्हतं. नुसतं ओरबाडलेलं नव्हतं; नीट कापून, कड उसवू नये म्हणून चार टाके घातले होते, पुरुषाच्या हाताचे, वेडेवाकडे.

तिनं बोट कुंकवात बुडवून त्याच्या कपाळाला लावलं. कपाळ घामानं ओलं होतं. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. तीन महिने ती त्याला भीत होती, आणि हा माणूस, बायको-पोर घेऊन याच गावात राहणारा, तितकेच दिवस तिला भीत होता. मोडनिंब हे नाव तिच्याकडं होतं. आता तर ती भरल्या मांडवात समोर उभी होती. तिनं एक शब्द काढला असता तर त्याचं घर बसलं असतं.

तिनं टॉवेल दिला. त्यानं घेतला आणि अंगठ्यानं हळूच कोपरा उलटून बघितला. तिथंही लेबल नव्हतं. त्याचा श्वास सुटलेला तिला ऐकू आला.

मग तो उठला आणि वाकून तिच्या पाया पडला. पाहुणीच्या पाया पडायचीच रीत, कुणाला त्यात काही वाटलं नाही. वैजयंतीला मात्र धरणी दुभंगली असती तर बरं, असं झालं. मागं सरकायची सोय नव्हती. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“वळख ऱ्हाऊ द्या बरं का,” वच्छला हसत म्हणाली. “आता दिवाळी-दसऱ्याला सारखंच येणंजाणं.”

“व्हय काकी,” युवराज म्हणाला. मग वैजयंतीकडं न बघता, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं, “मावशी, तुमचं नाव काय ते कळलं न्हाय आमाला.”

नऊ वर्षांत ते नाव त्या एकट्यानं उच्चारलं होतं. वैजयंतीनं कुंकवाची वाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“मी ऋतुजाची आई,” ती म्हणाली, आणि दहाव्या माणसाला टिळा लावायला पुढं सरकली.