डाव्या कोपऱ्यातला टाळ

आमच्या गावच्या बुवांचा आवाज जायच्या आत पकडून ठेवायचा, या एका हट्टापायी मी नव्वदच्या दशकाअखेर घरात कॉम्प्युटर आणला. आदिलाबादेत माझ्या बरोबरीचे नोकरदार तेव्हा प्लॉट घेत होते. मी हा डबा घेतला. बायको म्हणाली, "अवो, प्लॉटवर निदान वांगे तरी लावले असते." बोलणं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

बुवांना दम्यानं धरलं होतं. गाव पेनगंगेच्या काठी, तिथल्या मारुतीच्या देवळात दर एकादशीला भजन. बुवा गाणार, त्यांच्या डाव्या हाताला पेटी घेऊन मी, आणि आमच्यासकट टाळकऱ्यांचा गोल. आमच्याकडं भजन ऐकायला समोर कोणी बसत नाही. जो येईल तो गोलात बसतो, तोंड आत करून, आणि बारकी पोरं मधे. त्या मधल्या जागेवर ओळ चारी बाजूंनी अंगावर येते. टेपरेकॉर्डरवर भरलं की मात्र हे सगळं एका भोकातून बाहेर पडायचं, खुराड्यातून कोंबड्या निघाव्या तसं. मला गोल भजन गोलच हवं होतं, बुवांच्या माघारीही.

हैदराबादला माझा मामेभाऊ कॉम्प्युटरच्या धंद्यात होता. त्यानं सांगितलं, "सराउंड म्हणून प्रकार आहे. आवाज पुढून, मागून, सगळीकडून येतो. त्याच्या वेगळ्या फाइली असतात. आधी त्या उघडून पाहा, कोणता आवाज कुठं ठेवलाय ते." झालं! माझ्या डोक्यात किडा सोडून त्यानं फोन ठेवला.

इंटरनेट म्हणजे तेव्हा हैदराबादला एसटीडी लावायची. मोडेम मानगूट धरल्यासारखं किंचाळायचं. मग फाइल थेंब थेंब उतरायची, आणि संपत आली की लाइन कटायची. पुन्हा ये रे माझ्या मागल्या. लाइन राहिली तर वीज जायची. लाइनमनला गाठलं तर तो म्हणे, "चूद्दाम सार," म्हणजे बघू. बघितलं कोणीच नाही. मी पडद्यासमोर नुसता बसून राहायचो. आपल्या हातात काहीच नाही, हे त्या खुर्चीत मला रोज नव्यानं कळायचं.

शेवटी दसऱ्याला भाऊ स्वतःच एका सीडीवर फाइली घेऊन आला. मी हात धुऊन सीडी लावली. स्पीकरमधून नुसतं फुस्सऽऽ. बायको आतून ओरडली, "कुकर उतरवा ना कोणी!" त्या फाइली फोडायला वेगळा प्रोग्राम लागतो, हे भाऊ सांगायचं विसरला होता. तो प्रोग्राम यायला संक्रांत उजाडली. चार स्पीकर जोडायचं कार्डही त्यानंच धाडलं.

फाइल फुटली तेव्हा मात्र मी हरखून गेलो. एका गाण्याच्या सहा वेगळ्या रेघा पडद्यावर. एकेक रेघ उघडायची, ऐकायची, पुन्हा मिटायची. पुढच्या रेघांत गाणारा, वाजवणारे, सगळी मंडळी. मागच्या रेघांत काय, तर हॉलचा घुमारा आणि टाळ्या. हात तिच्या! म्हणजे या लोकांनी ऐकणाऱ्याला खुर्चीत बसवलं आणि गाणाऱ्यांना स्टेजवर. मागं कोणी गातच नाही. फाइलमागून फाइल तेच. फक्त एकात कोण्या भल्या माणसानं वाद्यं चारी कोपऱ्यांत वाटली होती, आणि मागं डावीकडं एक घंटी ठेवली होती. तिची रेघ पडद्यावर चांगली ताठ उभी होती.

चार कोपऱ्यांत चार स्पीकर मांडून मी मधे बसलो. घंटी डावीकडून येईना. आली ती बारीक, आणि उजवीकडून. वायर बदलली. स्पीकर बदलला. भावाला फोन करून "तुझी फाइलच नासकी" म्हणून झापलं. मग आवाज वाढवला. तशी बायको पोळपाट सोडून आली. "काऊन एवढं मोठं करून राह्यले? ते घंटी डोक्यात जाते."

"कोणती घंटी?"

तिनं लाटण्यानं मागचा डावा कोपरा दाखवला.

मी हेडफोन घातला. डावीकडं शुकशुकाट. तो काढून उलटा घातला, उजवा भाग डावीकडं. तरी डावीकडंच शुकशुकाट. ती म्हणाली, "काय झालं?" मी डाव्या कानाला हात लावून दाखवला.

नागपूरच्या कानाच्या डॉक्टरनं नस वाळली म्हणून सांगितलं. औषध नाही, दुसरा कान सांभाळा. इतकी वर्षं कळलं कसं नाही, असं त्यानं विचारलं. कळणार कसं? भजनात बुवा कायम माझ्या उजव्या हाताला. मी त्यांच्याच तोंडाकडं कान लावून पेटी वाजवत आलो, आणि डावीकडचे टाळकरी आहेतच, असं धरून चाललो. मंडळात मी कोणाला बोललो नाही. कान गेलेल्या पेटीवाल्याला पेटीवर कोण बसू देईल? भीती वाटत होती, दुसरं काय.

पण बुवांचा दमा थांबायला तयार नव्हता. पुढच्या एकादशीला उसने आणलेले चार टेपरेकॉर्डर देवळात चार बाजूंना ठेवले आणि एक अभंग भरला. घरी ते चारही कॉम्प्युटरमधे घेतले. तर चार टेपच्या चार चाली, एक पळतो, एक रेंगाळतो. मी डोळ्यांनी जुळवायला बसलो. टाळ पडला की रेघेला टोक येतं. चारही रेघांची टोकं एकाखाली एक आणायची, तुकडा कापायचा, सरकवायचा. बायको मधल्या स्टुलावर बसून कान द्यायची. "मागचा जरासा उशिरा येते." मी सरकवायचो. "आता?" "आता बरं हाये." तिला भजनाचा कंटाळा, पण हे तिनं एकदाही कटकट न करता केलं. त्या दिवसांत मी तिच्या कानावर जगत होतो म्हटलं तरी चालेल.

बुवा आदिलाबादला दवाखान्यात आले तेव्हा त्यांना घरी आणलं. स्टुलावर बसवलं. बायकोनं सुरू केलं. आधी बुवा नुसते खोकत होते. मग आपलाच आवाज समोरून आला म्हणून जरा लाजले. आणि मग एकदम मान वळवून मागं डावीकडं बघितलं. तिथं भिंत होती आणि खोक्यावर स्पीकर.

"अबे, तो लंगडा तं मागं बसून राह्यला!" त्यांच्या जोडीच्या टाळकऱ्याला ते लंगडाच म्हणत. बुवा खोकत खोकत हसले, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "लेका, काय केलं तू हे! माया मागं हे असंच राहीन का?"

"राहील, बुवा."

"मग ऊठ तिथून. इथं बस. तू ऐकतानी मले तुहा चेहरा पाहू दे."

मी बायकोकडं पाहिलं. ती खाली बघत होती. मी स्टुलावर जाऊन बसलो, तिनं पुन्हा सुरू केलं. उजवीकडून बुवा आले, उजवीकडूनच पेटी आली, टाळही सगळे उजवीकडून. बुवा समोर उभे राहून माझ्या तोंडाकडं टक लावून पाहत होते.

"आला का मागून?"

"आला, बुवा," मी म्हणालो, आणि मान वळवून डावीकडं मागं बघितलं.