हाताचा गुण

माझ्या हाताला गुण आहे, ही आवई पहिल्यांदा कोणी उठवली ते मला ठाऊक नाही. ती मोडून काढायला मी कधी तोंड उघडलं नाही, हे मात्र पक्कं ठाऊक आहे. प्लेग ओसरल्यानंतरच्या त्या वर्षांत मी जुन्नरला मिशनचा उपदेशक होतो. कीर्तनं करायचो, शुभवर्तमान सांगायचो आणि हिवतापाने आजारी लोकांना कोयनेलच्या पुड्या द्यायचो. पुड्या सरकारी दवाखान्यातल्या आणि दवाखाना माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तीच पुडी तिथल्या कंपाउंडरकडून घ्यायला लोक नाखूष असत. माझ्याकडून घेताना कपाळाला लावत.

पुडी देताना मी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचो. प्रार्थनेत सगळं श्रेय प्रभूला, अगदी चोख. आवाज मात्र ओसरीवरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा लावायचो. बायको एकदा म्हणाली, "देवाला कमी ऐकू येतं का हो?" मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

एकदा पावसाळा सरता सरता आहुप्याकडची एक बाई चार-पाच वर्षांच्या मुलीला पाठुंगळीला घेऊन डोंगर उतरून आली. मुलगी तापाने फणफणलेली, मधूनच झटके येत होते. मी नारायणगावला कीर्तनाला गेलो होतो. दवाखान्यात चल म्हणून बायकोने तिला विनवलं, हाताला धरून ओढलं. ती ओसरीवरून हलेना.

"बाबांचा हात लागल्याबिगर मी कुटं जायाची न्हाई. त्यांनी सांगितलं तरच जाईन."

शेवटी बायकोने शेजारच्या चाचांना गळ घातली. ते हाताने कागद बनवायचे आणि घोड्यावर माल लादून नारायणगावला निघालेच होते.

दुपारी त्यांनी मला बाजारपेठेत गाठलं. भोवती माणसं होती. आदल्या दिवशीचं कीर्तन असं रंगलं होतं की "आजच्या दिवस राहा, बाबा" म्हणून मंडळी अडून बसली होती; त्यांत एक कापडवाले मारवाडी शेटजीही होते. अशा मंडळींना माझा शब्द ऐकावासा वाटतो, याची मला कोण धन्यता वाटत होती.

चाचा म्हणाले, "पोरगी लई आजारी हाय. तुमी फकस्त म्हना, दवाखान्यात जा. मी आत्ताच माघारी जातो आन् तुमचा शब्द तिला सांगतो."

एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही. पण ते भोवतीच्यांनी ऐकलं असतं, आणि बाबाच दवाखान्याकडे बोट दाखवतात म्हटल्यावर माझ्या हाताची काय किंमत राहिली असती?

"तिला म्हणावं, धीर धर," मी म्हणालो. "मी उद्या सकाळी येतो."

माणसांनी समाधानाने माना हलवल्या. चाचांनी घोडं वळवलं. संध्याकाळचं कीर्तन उत्तम झालं. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तो प्रसंग मी लावला होता.

सकाळी पोहोचलो तोवर मुलगी गेली होती. डॉक्टरांनी ती वाचवली असती की नाही, कोण जाणे. तिला त्यांच्या दारापर्यंत जाऊ दिलं नाही ते मी. माझा निरोप मिळाल्यावर बाई निवांत झाली होती, असं बायको म्हणाली. पुन्हा विनवलं तर तिचं एकच, "बाबा येत्यात की."

मला पाहून बाईने मुलीचं डोकं मांडीवर नीट घेतलं आणि म्हणाली, "आता तरी हात ठिवा." मी ठेवला. त्या गार कपाळावर हात असतानाही खरं सांगायचा धीर मला झाला नाही.

"तुमचा हात येळेवर लागाया पायजे व्हता," ती म्हणाली. "माजंच नशीब."

बाई डोंगराकडे परतल्यावर मला अन्न गोड लागेना. रविवारी उपासनेत मी उठून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. माझ्या हातात काही नाही, जे आहे ते पुडीत. आजारी पडाल तर थेट दवाखान्यात जा. त्या पोरीचा मी अपराधी आहे, लोकांच्या वाहवेसाठी मी तिला मरू दिलं. बोलताना मला रडू आवरेना. ते रडू खरं होतं, आजही तसंच वाटतं. बायाबापड्या पदराने डोळे पुसत होत्या. बाहेर आलो तर म्हातारे माझ्या पाया पडायला वाकले.

"येवढा नम्र मानूस आमी पाहिला न्हाई," एक जण म्हणाला. "देवमानूस हाय."

मी नको नको म्हणत पाय मागे घेत होतो. फार घाईने नाही.

बायको उपासनेला आली नव्हती. घरी गेलो तेव्हा ती सुपात बाजरी निवडत बसली होती.

"सांगितलंत?" तिने मान वर न करता विचारलं.

"सगळं."

"मग?"

"लोक ढसाढसा रडले," मी म्हणालो.

तिचे हात थांबले. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे मला कळलं, की मी ते आनंदाने सांगितलं होतं.