कॉशन म्हणजे नेमकं काय करायचं?

इंग्रजीच्या बाबतीत आमच्या घराण्यात माझा थोडा दरारा आहे. तो कुणी कधी तपासून पाहिला नाही, म्हणून टिकून आहे. हिंगोलीच्या एका कॉलेजात मी कारकून. टेबलावर इंग्रजी पत्रं येतात, मी त्यांच्यावर आवक क्रमांक टाकतो आणि पुढं सरकवतो. गावाकडं मात्र समज असा, की मी ती वाचतो.

यंदाच्या हळदीच्या हंगामात हा दरारा पणाला लागला.

कुरुंद्याजवळ आमचं शेत आहे. ते माझा थोरला भाऊ आणि वैनी बघतात. चार वर्षांपूर्वी भावानं हळद शिजवायचा कुकर घेतला. कुकर म्हणजे एक मोठी पाण्याची टाकी, तिच्याखाली जाळ, आणि टाकीतली वाफ पाइपातून शेजारच्या ड्रमांत. ड्रमांत ओली हळद. हे सगळं भाऊच चालवायचा. यंदा त्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली ती नेमकी हळद काढायच्या आठवड्यात. डॉक्टरनं सांगितलं, महिनाभर धूर आणि धग बंद. भाड्याचे कुकर आधीच ज्यानं त्यानं सांगून ठेवलेले. आणि काढलेली हळद ढिगात पडून राहिली, की आतून तापते आणि नासते. वर्षभराचं पीक रानात उघड्यावर पडलेलं.

वैनी म्हणाली, "मी चालवते."

आणि तिनं मला फोन केला. "भाऊजी, टाकीवर इंग्रजी पाटी हाये. फोटू धाडलाय. काय लिव्हलंय ते सांगा."

फोटोत पाटी कमी आणि हळदकुंकू जास्त होतं. दरवर्षी दसऱ्याला आमच्याकडं यंत्रांची पूजा होते, आणि त्या अख्ख्या टाकीवर मानाची जागा म्हणजे ती चकचकीत पाटी. चार दसऱ्यांचे थर बसले होते. वरचा एकच लाल शब्द दिसत होता : कॉशन.

हा शब्द माझ्या ओळखीचा. आमच्या कॉलेजात नव्या पोरांकडून 'कॉशन मनी' घेतात, म्हणजे जाताना परत द्यायची अनामत. त्यामुळं इतकी वर्षं मी त्याचा अर्थ 'मागायला कुणी न आलेले पैसे' असा धरला होता. नोकरीत पहिल्यांदाच डिक्शनरी उघडली आणि फोनवर वाचून दाखवलं : सावधगिरी, दक्षता, इशारा. वर एक उदाहरणही दिलं, की पोलिसांनी लोकांना कॉशन केलं.

"पोलीस काहून आणता मधी? मला काय करायचं ते सांगा."

"सावध राहायचं."

"कशापासून?"

"ते त्या शब्दात नसतं, वैनी."

"मंग त्यो शब्द अर्धाच हाये. लेकराला आमी जपून म्हणतो, तवा समोर इहीर असती. डोक्यावर घागर असली तर सांभाळून. मिठाला बेतानं, बैलाला दमानं. तुमचा कॉशन कशाला?"

मी म्हणालो, बघून सांगतो. हे वाक्य ऑफिसात मी दिवसातून दहा वेळा वापरतो आणि तिथं ते पुरतं. वैनी म्हणाली, "बघायला हितं या."

दुसऱ्या दिवशी डिक्शनरी पिशवीत घालून शेतावर पोचलो. भाऊ काळा चष्मा लावून लिंबाखाली बाजेवर बसला होता.

"आलं का इद्यापीठ?" तो म्हणाला. "बघ, पूजेची पाटी खरडून राहिली तुझी वैनी."

"पूजा केली म्हणून वाचू नये असं हाये का कुठं?" वैनी ओल्या फडक्यानं पाटी घाशीत होती.

हळूहळू खालच्या दोन ओळी निघाल्या. पहिली : झाकण उघडण्याआधी वाफ पूर्ण सोडावी. "ते मला ठावं हाये," बाजेवरून आवाज आला. दुसऱ्या ओळीत सेफ्टी व्हॉल्वचं, म्हणजे जादा वाफ सोडणाऱ्या झडपेचं, नाव होतं आणि एक शब्द मला येत नव्हता. पानं चाळली. "व्हॉल्वशी छेडछाड करू नये," मी दमदार आवाजात जाहीर केलं.

वैनीनं टाकीच्या डोक्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. व्हॉल्व तिथं होता, आणि तारेचे तीन वेढे देऊन आवळून बांधलेला होता.

"हे कुणी बांधलं?"

"मी," भाऊ म्हणाला. "सारखा शिट्टी मारून राहायचा. वाफ वाया जायची."

"कवा बांधलं?"

"पयल्याच साली. चार वर्सांत काही झालं का?"

"झालं असतं तर सांगायला तुमी असता का?"

दरवर्षी त्याच टाकीशेजारी उभं राहून मी फोटो काढले आहेत. हसरे.

वैनीनं पक्कडीनं तार तोडली आणि सांगितलं, वसमतचा मिस्त्री व्हॉल्व बघून गेल्याशिवाय जाळ पेटणार न्हाई. मिस्त्री फोनवर म्हणाला, दोन दिवसांनी येतो. भाऊ बाजेवरून उठलाच. "दोन दिस? ढीग तापून राहिलाय तिकडं!"

"ढीग मोडू. सावलीला पातळ पसरू, वर पाला टाकू."

मी समेट घडवायला गेलो. "वैनी, सध्यापुरती तार जरा सैल बांधली तर?"

तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी मुकाट्यानं पाटी उचलली, म्हणजे हळदीची पाटी, आणि मजूर बायांच्या मागं ढीग मोडायला गेलो.

दुपारी सावलीत बसून डिक्शनरी पुन्हा चाळली. त्याच पानावर 'कॉशस' होता आणि जवळचा शब्द म्हणून 'केअरफुल' दिला होता. मला समजलं ते एवढं : कॉशस माणूस धोका दिसला की पाऊल मागं घेतो, केअरफुल माणूस पाऊल टाकतो, पण बघून टाकतो. मी आयुष्यभर पहिल्या प्रकारातला. स्कूटर शिकायची म्हणून हेल्मेट घेतलं, स्कूटर अजून घ्यायची आहे. वैनीला हा फरक सांगितला आणि विचारलं, तू कोणती?

"दोन्ही लागतेत," हळद पसरता पसरता ती म्हणाली. "दोन दिस पयला. तिसऱ्या दिवशी दुसरा."

मिस्त्री आला. व्हॉल्व खोलून त्यानं जमिनीवर आपटला तरी आतलं काही हललं नाही. पाण्याच्या क्षारानं पार गच्च बसला होता. "नुसती तार काढून पेटवलं असतं तरी ह्यो उघडला नसता," तो म्हणाला. नवा व्हॉल्व बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वैनीनं जाळ पेटवला. वाफेच्या दाबाच्या मीटरचा काटा चढत गेला, आणि एकाएकी वरून फुर्रर्र करून वाफेचा लोट निघाला. त्या क्षणी मी काय केलं ते आठवत नाही. भानावर आलो तेव्हा बांधाच्या पलीकडं होतो. वळून पाहिलं तर वैनी जागची हललेली नव्हती. तिनं दोन लाकडं बाहेर ओढली आणि काटा उतरेपर्यंत त्याच्यावरून नजर काढली नाही. शिजायची वेळ झाल्यावर पहिल्या ड्रमची वाफ सोडली, ती पुरती संपू दिली, मग झाकण उघडलं. एक हळकुंड घेऊन त्यात काडी टोचली. आरपार गेली.

"काढा," ती बायांना म्हणाली.

"आधी पाऊण तासात व्हायचं," भाऊ म्हणाला. "आज तास लागला."

"लागू द्या."

दिवसभर ड्रम भरले, रिकामे झाले. वाफाळती हळद ताडपत्रीवर पसरत गेली. व्हॉल्व आणखी तीनदा ओरडला. तिसऱ्या वेळी मी फक्त चार पावलं मागं गेलो. उन्हं कलल्यावर हातपाय धुऊन बाया निघाल्या आणि सवयीप्रमाणं बाजेपाशी थांबल्या.

"मालक, उद्या कवा पेटवायचं?"

भावानं चष्मा नाकावर नीट बसवला.

"तिला इचारा," तो म्हणाला.

"साताला या," वैनी म्हणाली. "पाणी मी भरून ठिवते."