नाळेतलं रक्त

"बाळ तुमचं, नाळ माझी," असं प्रसूतिगृहाच्या दारात उभं राहून हक्काने सांगणारी एक बाई दोन हजार सालानंतरच्या नाशकात कदाचित तुम्हीही पाहिली असेल. साडीवर पांढरा कोट, खांद्याला आइसबॉक्स आणि रुबाब बारशाला आलेल्या आत्याचा. नवे बाप तर घाबरूनच हो म्हणत.

बाई कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. दुपारनंतर आमच्या रक्तपेढीच्या मागच्या खोलीत त्यांची प्रयोगशाळा भरे. मी रक्तपेढीत टेक्निशियन. नाळेतल्या रक्तात मूळपेशी असतात, त्यांना नीट खाऊपिऊ घातलं की त्यांच्यापासून रक्तातल्या तांबड्या पेशी तयार होतात, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी ते झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

कळवणच्या एका आजीने मात्र त्यांना अडवलं. "नाळ अंगणात पुरायची असती, ताई. तुम्हाला कशी देऊ?"

"पुरा की. मला फक्त आतलं रक्त द्या."

रक्त काढून घेतल्यावर बाईंनी नाळ स्वच्छ फडक्यात गुंडाळून आजीच्या हातात दिली. वर बाळाला तीट लावायलाही बजावलं.

लोडशेडिंगने त्यांचा छळ मांडला होता. इन्व्हर्टरने मान टाकली की इनक्युबेटर गार पडे आणि आतल्या पेशी मरत. मग बाई दिवसभर कोणाशी बोलत नसत. आम्ही त्याला सुतक म्हणायचो. दुसऱ्या दिवशी आइसबॉक्स घेऊन त्या पुन्हा बाहेर.

हा सगळा खटाटोप वैशालीसाठी होता. सायखेड्याची शाळकरी पोर, थॅलसेमियाची. अंगात रक्तच नीट तयार होत नाही, म्हणून दर महिन्याला आमच्याकडे येऊन रक्त चढवून घ्यायची. कधी तिच्या गटाची पिशवी मिळे, कधी बाप रडकुंडीला येई. "तुला पुरेल एवढं रक्त मी इथेच बनवणार," असं बाईंनी तिला कबूल केलं होतं.

आणि एके दिवशी जमलं. नळीच्या तळाशी लाल ठिपका दिसला. बाईंनी तो आधी वैशालीला दाखवला.

"मॅडम, हे मला कवा चढवायचं?"

"हे मुंगीलाही पुरायचं नाही गं," बाई म्हणाल्या, आणि तशाच बाहेर येऊन माझ्यासमोर खाटेवर आडव्या झाल्या. "आमचा दोघींचा गट एकच आहे. तिकडचं तयार होईपर्यंत इकडचं घ्या."

तेव्हापासून देता येई तेव्हा त्या वैशालीसाठी रक्त देत राहिल्या. सुईला मात्र भारी घाबरायच्या. डोळे मिटून माझी बाही घट्ट धरायच्या. मला त्या वेळी त्यांची फार माया वाटे.

पुढे बाई हृदयविकाराने अचानक गेल्या. मागची खोली रिकामी झाली.

वर्ष उलटल्यावर वैशाली नेहमीसारखी आली. आता ती कॉलेजात जात होती. नर्सने पिशवी लावली आणि ती मला म्हणाली, "काका, मॅडमचं रक्त थोडं तरी हाय ना अजून माझ्यात?"

चढवलेलं रक्त अंगात चार महिन्यांच्या वर टिकत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

"आहे की," मी म्हणालो, आणि तिच्याकडे न बघता नळीतल्या थेंबांचा वेग जुळवत राहिलो.