बोटचुकी

हसीना मॅट्रिक झाली त्या साली नेवासे तालुक्यातल्या साखर कारखान्याला कॉम्प्युटरवर मुली हव्या होत्या. कॉम्प्युटर कसला, तो पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीत. कारखान्यात होती ती कार्डाला भोकं पाडणारी दोन धूडं. एकावर हसीना बसायची, दुसऱ्यावर नगरहून येणारी ज्योती.

एकेक शेत म्हणजे एकेक कार्ड. गट नंबर, उसाची जात, लागणीचा महिना, सगळं भोकांमध्ये. हसीनाने भोकं पाडली की तेच आकडे ज्योती आपल्या मशीनवर पुन्हा मारायची. दोघींचं जुळलं तरच मशीन कार्डाच्या उजव्या कडेला छोटी खाच मारायचं. मग कार्डं जीपने पुण्याला जायची आणि पुण्याहून तोडणीची यादी यायची. लागण ज्याची आधी, तोड त्याची आधी. पाच हंगाम हसीनाचं एक कार्ड चुकलं नाही.

सहाव्या हंगामात, ऐंशी-एक्क्याऐंशीला, शेजारच्या आप्पासाहेबांचा जुलैच्या लागणीचा ऊस यादीत नोव्हेंबरचा निघाला. तोडणीची टोळी आली मेअखेरीला, तोवर उसाची चिपाडं झाली होती. कुणा बड्याचा ऊस पुढे काढायला कार्ड बदललं होतं, हे शेंबडं पोरही ओळखेल. पण कारखान्याच्या साहेबांनी खापर फोडलं ते पंचिंगच्या पोरीवर. "मूळ कार्ड शोधा," म्हणून ती रडली. कार्ड मिळालं नाही, असं सांगण्यात आलं. ज्योतीला नोकरी टिकवायची होती, ती गप्प बसली. चोर सुटला, संन्याशाला फाशी झाली. हसीनाची नोकरी गेली आणि गावाने तिचं नाव ठेवलं बोटचुकी.

नोकरीचं तिने गिळलं. मुक्ताबाईचं गिळता आलं नाही. मुक्ताबाई म्हणजे आप्पासाहेबांची बायको, दोन्ही घरांत एकच भिंत. ईदचा शिरखुर्मा आधी तिकडे जायचा, पोळ्याची पुरणपोळी आधी इकडे यायची. त्या वर्षी शिरखुर्म्याचा डबा झाकण न उघडता परत आला. "हसीनाच्या बोटानं माझा ऊस खाल्ला," असं आप्पासाहेब चारचौघांत म्हणाले आणि तेच म्हणत वारले. पंचेचाळीस वर्षं त्या भिंतीपलीकडून हसीनाला एक हाक आली नाही.

कारखाना पुढे बुडाला, विकला गेला. घेणाऱ्यांनी त्याचं रिसॉर्ट केलं. बॉयलरच्या शेडमध्ये लग्नं लागतात, आणि ज्या काट्यावर ऊस मोजून घ्यायला लोक रांगेत ताटकळले तिथे पोरंपोरी फोटो काढतात. जिथे माणसांनी घाम गाळला ती जागा सुनी पडली की तिला हेरिटेज म्हणायचं, अशी आता रीत आहे.

गेल्या महिन्यात भाचीच्या मुलीचं, नाझनीनचं, रिसेप्शन तिथेच होतं. जेवण झाल्यावर हसीना कॉफीच्या दालनात टेकली आणि समोर बघते तर काय, भिंतभर कार्डं! काचेखाली शेकडो, निम्मी उलटी लावलेली. तिचे डोळे आपोआप भोकं वाचू लागले. तिसऱ्या ओळीत ते मिळालं. आप्पासाहेबांचा गट नंबर तीनशे बारा, लागण शून्य-सात. कार्ड उलटं होतं म्हणून खाच डाव्या कडेला आली होती, पण होती.

तिथला मॅनेजर रविराज जवळच उभा होता. तिने विचारलं, "ही कुठं मिळाली?"

"शेतकी ऑफिसच्या कपाटात, आजी. कुलूप तोडावं लागलं. मस्त डिझाईन आहे ना?"

हसीनाला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी ती मुक्ताबाईच्या दारात गेली. मुक्ताबाई एक्क्याऐंशीची, कमरेत वाकलेली. हसीना काय म्हणते ते तिने उंबऱ्याआडूनच ऐकून घेतलं.

"चल," ती म्हणाली. "मरायच्या आदी त्येबी बघू."

दोघी रिक्षाने रिसॉर्टवर गेल्या. भिंतीसमोर उभं राहताच हसीनाचा बांध फुटला. "आक्का, ह्ये बघा तुमचं कार्ड. ह्यो गट, तीनशे बारा. ही दोन भोकं, शून्य आन् सात. सातवा म्हैना, जुलै! उलटं धरा न्हाईतर सुलटं, शून्य-सातचं शून्य-सातच ऱ्हातं. आन् ही खाच ज्योतीच्या मशीनची. मी बराबर मारलं हुतं, आक्का. ह्ये काढून दुसरं घातलं त्यांनी."

मुक्ताबाईने काचेवर बोट ठेवलं. भोकांवरून ते हळूहळू फिरलं.

"ह्ये दुसऱ्या कुनाला वाचता येतं?"

"ज्योतीला येत हुतं. ती वारली."

मुक्ताबाईने रविराजकडे पाहिलं. "तुला येतं का रं?"

"नाही, आजी."

"मंजी तुला येकलीलाच," मुक्ताबाई हसीनाकडे वळून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच हसीनाला जास्त लागलं. "तवाबी तूच सांगत हुतीस, आताबी तूच सांगतीस. आमचं मानूस तुझ्या बोटाला बोल लावत गेलं, हसीना. आता तू भोकं दावून मला काय सांगतीस? चल, मला घरी सोड."

काठी टेकत ती दाराकडे निघाली.

रविराजने सगळं ऐकलं होतं, आणि त्याला भलतंच सुचलं. "आजी, तुम्ही रविवारी येत जाल का? पाहुण्यांना कार्डं वाचून दाखवा. लोकांना लई आवडेल. एंट्रीपाशी तुमचा फोटोपण लावू."

"जिला दाखवायचं हुतं तिला दाखवलं," हसीना म्हणाली. मग तिने पदराने काचेवरचा मुक्ताबाईच्या बोटाचा ठसा पुसला आणि तिला रिक्षापर्यंत हात द्यायला बाहेर गेली. मुक्ताबाईने हात घेतला नाही.