लिफ्टखालची खुर्ची

"पाहा ताई, आवाज तरी आहे का? मख्खन!" बटणावर बोट ठेवून दिवाकरभाऊ म्हणाले.

जीप वर चढत होती. मोटर घरघरत होती, पण लिफ्टच्या दोन्ही खांबांतून काहीच ऐकू येत नव्हतं. दिवाकरभाऊंना त्याचं केवढं कौतुक! मला मात्र तेच खटकलं. गाडी उचलणारी लिफ्ट वर जाताना बोललीच पाहिजे. टक, टक, टक. ही गप होती.

"थांबवा. खाली घ्या," मी म्हणाले.

"अजून तं पूर्ण वर बी नाई गेली."

"म्हणूनच सांगते. खाली घ्या."

चंद्रपूरजवळच्या एका कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये माझी सगळी नोकरी झाली. काम एकच, वजन उचलणाऱ्या वस्तू तपासणं. क्रेन, चेन ब्लॉक, जॅक. रुजू झाले तेव्हा फोरमन म्हणाले होते, "बाई, तुम्ही सावलीत बसा, पोरं चेक करतील." मी सावलीत बसले नाही. आमच्या घरात मान खाली घालायची नाही, हे शाळेत घालण्याआधीच शिकवलं होतं. रिटायर झाल्यावर कोणी बोलावलं तर अजूनही जाते.

दिवाकरभाऊ माझ्या मोठ्या भावाचे मित्र, राहणार अहेरीचे. त्यांच्या तीन जीपा भाड्याने चालतात. सर्व्हिसिंगसाठी गाडी चंद्रपूरला न्यायची म्हणजे अख्खा दिवस जातो, म्हणून त्यांनी घरामागे टिनाचं शेड ठोकलं आणि नागपूरहून जुनी लिफ्ट आणून बसवली. एका ऑफिसला त्यांच्या गाड्या हव्या होत्या. लिफ्ट तपासल्याचा कागद द्या, असं त्या ऑफिसने सांगितलं. त्यावर दिवाकरभाऊंनी मला फोन केला, "ताई, या, सही करा, जेवूनच जा." लिफ्ट बघण्याचा विषय त्यात कुठेच नव्हता.

ही लिफ्ट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. काँक्रीटमध्ये जाड बोल्टने घट्ट बसवलेले दोन लोखंडी खांब. प्रत्येकाला दोन हात, हातांच्या टोकाला रबरी पॅड. गाडी त्या चार पॅडवर टेकते आणि तेलाच्या दाबाने वर जाते. पण तेलाचं काम फक्त उचलायचं. धरून ठेवतो तो खांबाच्या आतला लोखंडी खटका. लिफ्ट चढताना तो एकेका खाचेत पडतो, तोच टक टक आवाज. हव्या त्या उंचीला पोचलं की गाडी किंचित खाली घेऊन त्या खटक्यावर बसवायची. मग तेलाचा पाइप फुटला तरी खालच्या माणसाच्या केसाला धक्का लागत नाही.

गाडी उतरवून मी कामाला लागले. दिवाकरभाऊंचं कौतुकही करते. काँक्रीट पक्कं होतं, त्याला तडा नव्हता. बोल्ट पाना लावून पाहिले, एकही सैल नाही. दोन्ही बाजू सारख्या चढवणाऱ्या वायर रोपची एकही तार सुटलेली नव्हती. मग मी खांबाचं कव्हर उघडलं. खटका मागे ओढून बायंडिंग तारेने बांधलेला. दुहेरी तार, पक्कडने पीळ देऊन. दुसऱ्या खांबातही तसंच.

"हे कोणी केलं?"

त्यांचा मेकॅनिक चैतू हातातल्या पान्याकडे पाहू लागला. चैतू भामरागडकडच्या गावचा, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस.

"मीच केलं," दिवाकरभाऊ म्हणाले. "ताई, इथी लाइनचा भरोसा नाई. खटक्यावर बसलेली गाडी उतरवाची तं आधी जराशी उचला लागते, अन् उचलाले लाइन पाहिजे. लाइन गेली का गाडी वरच लटकते. मागच्या पावसाळ्यात भामरागडच्या रस्त्यावरून पेशंट आणाचा होता अन् जीप वर! लोकं फाटकावर उभे राहून शिव्या देऊन राह्यले होते. त्याच दिवशी बांधली तार. आता लाइन असो नसो, उतरवाचा दांडा दाबला का गाडी खाली."

त्यांचं कारण खोटं नव्हतं, हे मान्य करायला हवं. पण त्यावर शोधलेला उपाय भयंकर होता. आता गाडी नुसत्या तेलावर लटकत होती, आणि तिच्याखाली रोज एक माणूस होता. तो माणूस ते स्वतः नव्हते.

कोपऱ्यात सागाचे चार ओंडके उभे होते, एकाच मापाचे कापलेले. "हे कशाला?" मी चैतूला विचारलं.

त्याने आधी मालकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गाडी उतरते बाई, थोडी थोडी. डोक्याले लागली का मी भाईर येतो. ओंडके लावून ठेवतो मंग."

"मले कधी सांगतलं तू?" दिवाकरभाऊ गरजले.

"सांगतलं होतं भाऊ. तुम्ही म्हणाले, गाडी नाई उतरून राह्यली, तूच उंच होऊन राह्यला."

एरवी मी हसले असते. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. गोल ओंडका लोखंडाखालून कसा निसटतो, ते मी वर्कशॉपमध्ये पाहिलेलं आहे.

"ताई, तार काढून टाकू आपण. सावकाश काढू," दिवाकरभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले. "आज सही तं करा."

"नाही."

"तुमच्या भावाकडे पाहून बोलावलं मी."

"भाऊ मोठा आहे, मान्य. पण तो या लिफ्टखाली उभा राहत नाही."

"इतके दिवस झाले, काही झालं का? तुम्ही खाणीवाले लोकं, तुमाले सगळीकडे अपघातच दिसते."

"बरं, पाहूनच घेऊ," मी म्हणाले. "तुमची खुर्ची द्या."

शेडच्या दारात त्यांची खुर्ची असायची. हात असलेली, लाल प्लॅस्टिकची, सीटवर घडी केलेला टॉवेल. तीत बसून ते चैतूला कामं सांगत.

"माझी काऊन?"

"चैतू तर रोजच खाली असतो. आज तुमची खुर्ची ठेवू."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. पण नाही म्हणणार कसे? आत्ताच तर म्हणाले होते, काही होत नाही. त्यांनी स्वतःच खुर्ची खाली ठेवली, जरा आपटूनच. मी लिफ्टभोवती खडूने रेघ ओढली आणि आत कोणी पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. चैतूने जीप वर नेली आणि खुर्चीच्या पाठीवर वीतभर जागा ठेवून थांबवली. मग मी मेन स्विच बंद करून पिशवीतलं माझं लाल कुलूप त्याला लावलं. आम्ही मशीन तपासताना असं करतो, म्हणजे मागून येऊन कोणी बटण दाबू शकत नाही.

"चला, जेवू," मी म्हणाले.

वहिनींनी बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला होता. झणझणीत, तोंडाला पाणी सुटेल असा. पण जेवताना कोणी बोललं नाही. वहिनींना वाटलं, मीठ जास्त पडलं.

हात धुऊन आम्ही शेडमध्ये आलो. जीप कोणीही न हलवता खाली आली होती. खुर्चीची पाठ मोडून सीटवर दुमडली होती, एक हात तडकून लोंबत होता. टॉवेलाची घडी तेवढी तशीच होती.

दिवाकरभाऊ रेघेबाहेर उभे राहिले. मग चैतूला म्हणाले, "तू... इतकी उतरते म्हणून नाई सांगतलं."

"इतकी कधी पाह्यलीच नाई भाऊ. डोकं लागलं का मी भाईर यावो."

मी कुलूप उघडून जीप उतरवून घेतली आणि ती बाजूला काढायला लावली. मग दोन्ही तारा कापल्या. तेल आतल्या आत गळू देणारा व्हॉल्व्ह बदलल्याशिवाय लिफ्ट चालवायची नाही, असं सांगून स्विचला पुन्हा कुलूप घातलं. तेव्हा दिवाकरभाऊ उसळले.

"माझ्या घरात, माझ्या लिफ्टले तुम्ही कुलूप लावता?"

"हो, लावते. कायद्याने मला तसा हक्क नाही. तोडायचं तर तोडा. पण मग सहीसाठी माझ्याकडे येऊ नका, आणि पुढे काही झालं तर मी गप्प बसेन अशी आशाही करू नका."

"अन् पेशंट आला तं?"

"तीन गाड्या आहेत तुमच्या. पावसाळ्यात एक कायम जमिनीवर ठेवा, टाकी भरून. लिफ्टवर गेली ती गाडी त्या दिवशी घरात नाही असं समजायचं."

त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मी ती चैतूच्या हातात दिली.

"त्याले काऊन?"

"आमचा नियमच तसा आहे. ज्याचा जीव खाली, किल्ली त्याच्या खिशात. खाली जाण्याआधी कुलूप लावायचं, बाहेर आल्यावर त्यानेच काढायचं. मालकाने नाही, माझ्यासारख्या इन्स्पेक्टरनेही नाही."

चैतूने किल्ली खिशात टाकली आणि खिसा वरून दाबून पाहिला.

व्हॉल्व्ह यायला वेळ लागला. मी पुन्हा गेले तेव्हा खडूच्या रेघेच्या जागी पिवळा रंग होता. जीप वर चढली, टक टक टक करत, शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशी. खटक्यावर बसवली, पुन्हा जेवायला गेलो, आल्यावर पाहिलं. केसभरही हलली नव्हती. मी सही केली. तरी मनात किंतु होताच. लिफ्ट पास करता येते, पण मालकाच्या सवयीचं काय? तारेचं बंडल अजून शेडमध्येच होतं.

पुढे ऐन लग्नसराईत दिवाकरभाऊंचा फोन आला. आवाज तापलेला.

"ताई, हे काय लावून ठेवलं तुम्ही? मले चिमूरले लग्नाले जायाचं आहे, दोन गाड्या भाड्यावर गेल्या अन् तिसरी वर. म्हटलं उतरवतो, तं स्विचले कुलूप! हा खाली काम करून राह्यला अन् किल्ली याच्या खिशात!"

"मग मागा ना."

"मागतली! म्हणते, भाऊ, काम झाल्यावर. माझाच माणूस, माझ्याच घरात मलेच म्हणते, थांबा!"

मागून चैतूचा आवाज आला, शांत, गाडीखालून आलेला. "होऊन राह्यलं भाऊ. बसा."

"मग आता?" मी विचारलं.

"मंग काय? बसलो आहो. नवी खुर्ची आणली."

"कुठे ठेवली?"

दिवाकरभाऊ पडलेल्या आवाजात म्हणाले, "पिवळ्या रेघेच्या भाईर."

सही करताना जी खात्री वाटली नव्हती, ती मला तेव्हा वाटली.