कोरडा हात

आमच्या स्पिंडल रूममध्ये काम मिळायला शिक्षण लागतंच, पण त्याहून आधी हात कोरडा लागतो. नवीन माणूस आला की त्याच्या हातात चकचकीत घासलेला पोलादाचा तुकडा देतात, मुठीत घट्ट धरायला लावतात आणि मग तो न पुसता तसाच कपाटात ठेवून देतात. दुसऱ्या दिवशी त्यावर तांबूस बोटं उमटलेली दिसली, की त्या माणसाची रवानगी बाहेर मोठ्या शेडमध्ये. काही जणांच्या घामात काय असतं कोण जाणे, लोखंड लगेच गंजतं. माझा तुकडा जसाच्या तसा निघाला होता. लग्न झाल्यापासून माझ्या हाताला चव नाही एवढंच ऐकत आले होते. त्या हाताचं पहिलं कौतुक झालं ते पिरंगुटच्या या कारखान्यात, आणि तेही त्याला घाम येत नाही म्हणून. मला ते पुरलं.

आम्ही ग्राइंडिंग मशिनं बनवतो. दुसऱ्या मशिनांचे भाग ज्यावर घासून अचूक मापात आणतात, ती मशिनं. सांगलीकडच्या आमच्या नातेवाइकांना हे समजावून समजावून मी थकले. त्यांच्या मते मी मिक्सरच्या कंपनीत आहे आणि ओळखीवर स्वस्तात मिळत असूनही कुणाला आणून देत नाही.

बाहेरच्या शेडमध्ये बिडाचा बेड, म्हणजे मशिनचा पाया, येतो. दोन म्हशी शेजारी शेजारी बसतील एवढा तो असतो. त्याच्या ज्या पट्ट्यांवरून टेबल सरकणार, त्या पट्ट्या माणसं हातानं खरवडून खरवडून सपाट करतात, कंबरडं मोडेपर्यंत. मग त्यावर टेबल बसतं, आणि टेबलाच्या मागं दगडाचं चाक फिरवणारं डोकं. त्या डोक्याच्या पोटात स्पिंडल असतो, म्हणजे चाकाला फिरवणारा दांडा, त्याच्या बेअरिंगांसकट आणि बाहेरच्या नळीसकट, तिला आम्ही स्लीव्ह म्हणतो. बाकी सगळं मशीन कितीही देखणं झालं, तरी स्पिंडल जरा आवळला किंवा सैल पडला तर सगळं मुसळ केरात. म्हणून तो काचेच्या बंद खोलीत जुळवतात. खोलीचं तापमान बारा महिने वीसवर. बाहेर एप्रिलमध्ये पौड रोडचं डांबर चपलेला चिकटो नाहीतर श्रावणात भिंतींना बुरशी येवो, आत वीस म्हणजे वीस.

मला ती खोली आवडायची. तिथं कुणी ओरडत नाही. पार्ट आत आला की त्याला लगेच हात लावायचा नाही, ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवायचा आणि निवू द्यायचा. सकाळचा डबा, मुलाचा क्लास, हिंजवडीला जाणाऱ्या नवऱ्याची वेळ, पाणी आलं तर पाणी भरणं, हे सगळं उरकून मी उरवड्याहून धापा टाकत कारखान्यात पोचायची आणि त्या पार्टाशेजारी बसायची. त्याच्याबरोबर मीही निवायची. घरी मला तेवढा वेळ कुणी दिलेला नाही. आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांवर पत्रा आहे आणि त्याखाली माझा स्वभाव नक्की कसा आहे, ते त्या घरात कुणाला कधी कळलं असेल असं मला वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात मला ते सुरू झालं. बसल्या जागी छातीतून एकदम आग निघायची, मानेवरून कानांपर्यंत चढायची, पाठ भिजून जायची आणि थोड्या वेळानं अंगावर काटा यायचा. झोपेचा तर बट्ट्याबोळ झाला होता. सकाळी उठताना वाटायचं, आपण रात्रभर कुणाचं तरी शेत नांगरून आलोय. पिरंगुटच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले आणि ताण घेऊ नका असा सल्ला दिला. ताण मी कधी मागून घेतल्याचं मला आठवत नाही. मी मान डोलावली आणि घरी येऊन भाकऱ्या थापल्या.

त्याच दिवसांत मी जुळवलेला एक स्पिंडल चाचणीत तापला. स्पिंडल जुळवला की तो स्टँडवर फिरवत ठेवतात. थोडा गरम होतो, मग एका जागी स्थिरावतो. माझा स्थिरावेचना. उघडून पाहिलं तर आत दांडा आवळून बसला होता. आमचे सर तिशीतले आहेत, अमरावतीकडचे, कामात चोख आणि आवाज न चढवणारे. ते म्हणाले, "ताई, गेज बिघडलं असेल." माप घ्यायचं ते गेज तपासायला पाठवलं. ते ठणठणीत निघालं. पुढचाही स्पिंडल तापला.

मग एकदा मी स्लीव्ह हातात धरून तिचं आतलं माप घेत होते आणि ती आग आली. नेमका तेव्हा मी गेजच्या पडद्याकडे बघत होते. हात हलला नव्हता, स्लीव्ह हलली नव्हती, आणि आकडे माझ्या डोळ्यांदेखत सरकत होते. धातू गरम झाला की फुगतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. साधा हात कितीसा तापतो? पातळ हातमोजा पुरतो. पण माझ्या हाताची शेगडी झाली होती. हातात स्लीव्ह फुगायची, गेज मोठं माप दाखवायचं, मी त्या मापाचा दांडा निवडायची, आणि खोलीत निवल्यावर स्लीव्ह त्याला आवळायची. केसाच्या जाडीचे पन्नास भाग करावेत आणि त्यातल्या एकादुसऱ्या भागाचा हा सगळा घोळ. मी स्लीव्ह खाली ठेवली.

कुणाशी बोलणार? खोलीत आम्ही चौघं, बाकीचे तिघं पुरुष. उरली काकी. काकी उरवड्याचीच, आमच्या खोलीची फरशी पुसायला असते. घरची शेती होती, अर्धी विकली, उरलेल्या जागेवर खोल्या बांधून भाड्यानं दिल्या आहेत. तिला नोकरीची गरज नाही. सुनेच्या तोंडाला लागण्यापेक्षा फरशी बरी, असं ती कुणालाही सांगते. हात धुवायच्या जागी मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आगं, ह्ये पाळी जायाचं हाय," ती म्हणाली. "एवढी शिकल्याली तू, आन् तुला कळंना व्हय? मला चार वरीस जाळलं त्यानं. भर थंडीत ओट्यावर झोपत हुते मी."

"आणि मग?"

"मग काय? गेलं. आपल्याला कोन इचारतंय."

मला कळलं नव्हतं असं नाही. मला ते कळून घ्यायचं नव्हतं. वीस डिग्रीच्या खोलीत बसणाऱ्या बाईला असलं काही होणार नाही, असं मी धरून चालले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कपाटातल्या एका तयार दांड्यावर तांबूस बोट उमटलेलं सापडलं. शेवटी कड लागते का ते बघायला आम्ही हातमोजा काढून बोट फिरवतो, लगेच पुसतो आणि तेल लावतो. कुणाचं तरी पुसायचं राहिलं होतं, किंवा पुसूनही गंजलं होतं. सरांनी कुणाला दोष दिला नाही. त्यांनी फक्त सांगितलं, की चौघांनीही पुन्हा तुकडा धरायचा. मी तो धरला तेव्हा मनात एकच विचार होता, की आत्ता नको, आत्ता नको. आग आली नाही. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच ती एवढा वेळ आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चारही तुकडे स्वच्छ निघाले. सर माझा तुकडा उजेडात धरून म्हणाले, "ताई, तुमच्याबद्दल तर शंकाच नव्हती." मला तोंडात मारल्यासारखं झालं.

काकी म्हणाली, "झालं न्हवं? पास झालीस. आता गप ऱ्हा. बाप्यांना काय सांगायच्या असतात असल्या गोष्टी!"

मी गप्प राहणार होते, खरंच. खोली सोडायची नव्हती मला. ती गेली तर माझ्याकडे दिवसातली कुठली गार जागा उरणार होती? माप घेताना आग आली तर थांबायचं, पार्ट खाली ठेवायचा आणि निवल्यावर पुन्हा घ्यायचं, असं मी ठरवलं. दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी मी थांबतच राहिले. पार्ट निवायचा, मी निवायची नाही. दुपारपर्यंत एक स्लीव्ह झाली नव्हती, आणि जे माप शेवटी आलं त्यावर माझाच विश्वास बसेना. चुकीचं माप पुढं ढकलणं मला जमत नाही. यात मोठेपणा काही नाही. काही जणांना वाकडा टांगलेला कॅलेंडरचा कागद बघवत नाही, तसं आहे ते.

मी सरांच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, "सर, खोलीत मला फार गरम होतं."

"एसी चेक करायला सांगू का?"

"एसीला काही झालेलं नाही. मला झालंय. माझी पाळी जायचे दिवस आहेत. अंगातून वाफा निघतात. हात तापतो, स्लीव्ह तापते आणि माप चुकतं. ते दोन्ही स्पिंडल त्यानंच तापले."

बिचाऱ्याचे कान लाल झाले. त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं, तो बंद होता. मग म्हणाले, "पुढच्या वेळी असं झालं की मला लगेच बोलवा." आणि तापमान मोजायचा एक छोटा सेन्सर माझ्या हाती दिला.

तासाभरात बोलवावंच लागलं. मी सेन्सर चिमटीत धरून उभी राहिले आणि ते शेजारी आकडे बघत उभे राहिले. आकडे चढत गेले. एकदा आकडा दिसायला लागल्यावर त्यांचा संकोच कुठल्या कुठे पळाला. त्यांनी मला स्लीव्ह धरायला लावली, ठेवायला लावली, पुन्हा धरायला लावली. "खरंच की," ते म्हणाले, "बरोबर तेवढाच फरक येतोय." एखाद्या मशिनचा दोष सापडल्यावर होतो तसा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. मग त्यांना आठवलं की हे मशीन नाही, आणि त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

जाड हातमोजे घालून पाहिले. त्यात बोटांना काही कळेना. दुसऱ्यानं धरायचं आणि मी वाचायचं, असंही करून पाहिलं, पण दोन माणसं एका कामाला अडकली. आठवड्यानं त्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं, "किती दिवस चालतं हे?"

"सांगता येत नाही. वर्ष, कदाचित चार."

त्यांनी काचेतून आतल्या माझ्या टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तोवर तुम्ही बाहेर असेंब्लीत या. नंतर बघू." नंतर कुणी बघत नसतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यांचा निर्णय बरोबर होता. मी त्यांच्या जागी असते तर आठवडाभर वाटही पाहिली नसती. चूक कुणाचीच नसली की भांडायलाही कुणी सापडत नाही, आणि भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

माझ्या जागी नांदेडकडची एक मुलगी आली. तिला मी माझं टेबल दाखवलं, गेज कसं धरायचं ते दाखवलं, पार्टाला घाई करायची नाही हे सांगितलं. ती शहाण्यासारखी ऐकत होती. तिनं एकदाही चूक केली नाही, याचा मला राग येत होता.

बाहेरच्या शेडमध्ये मोठाले पंखे आहेत. ते गरम हवाच इकडून तिकडे ढकलतात. क्रेनचा भोंगा, हवेच्या पाइपांचा फुसफुसाट, बिहारकडची मुलं आणि त्यांची हिंदी गाणी. तिथं मला आग आली की मी पंख्यासमोर लाकडी पॅलेटवर बसते. कुणी विचारत नाही, कारण तिथं सगळेच घामेजलेले असतात. पहिले काही दिवस मी तिथं बसून रडले. घामात ते खपून गेलं. माझं काम आता तयार स्पिंडल मशिनच्या डोक्यात बसवायचं, नट आवळायचे आणि तो फिरवून बघायचा, एवढंच.

परवा आतून त्या मुलीनं जुळवलेला पहिला स्पिंडल आला. मी तो बसवला. चाचणीला सर स्वतः येऊन उभे राहिले. काकीही फडकं हातात घेऊन दारात आली. खरं सांगायचं तर तो तापावा असं मला मनापासून वाटत होतं. फार नाही, थोडाच. म्हणजे सर म्हणाले असते, ताई, जरा आत येऊन बघता का. मशीन सुरू झालं. आकडा थोडा चढला, थांबला आणि तिथंच राहिला. दुपार गेली, चहा झाला, पाळी बदलायची वेळ आली, तरी तो हलला नाही. सर हसून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्हीच शिकवलंय ना, ताई." आणि निघून गेले.

काकी जवळ आली. "कसा हाय गं?"

"चांगला आहे."

"मग तोंड का पाडलंयस?"

"चांगला आहे म्हणूनच."